पूर्णेच्या खोऱ्यात समुद्र शोधताना

अकोट तालुक्यात, पूर्णा नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात कुणालाही विचारा, विहिरीचं पाणी खारं का, तर उत्तर तयार असतं. इथं कधीकाळी समुद्र होता. पानठेल्यावर हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, आणि सातवीतलं पोरगंही उत्तरपत्रिकेत बेधडक हेच लिहून मोकळं होतं. माझ्या सासऱ्यांचा तर त्यावर इतका विश्वास की वाटावं, त्यांच्या आज्यानं इथली जहाजं मोजली असावीत. "समुद्र नसन तं मंग एवढं मीठ कोठून आलं, सूनबाई?" असं विचारून ते सुपारी कातरायला घेतात. त्यांच्यापुरता वाद संपतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्यापुरता तो तिथंच सुरू होतो.

खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्याला गोडं पाणी, संत्र्याच्या आणि केळीच्या बागा. तिथून पूर्णेकडे उतरू लागलं की बागा विरळ होत जातात, मग संपतात, आणि पुढे डोळा जाईल तिथवर काळं रान. कपाशी, तूर, मूग, सोयाबीन, हिवाळ्यात ओलीवरचा हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. विहिरीला पाणी लागत नाही असं नाही; लागतं, पण पिकाला देता येत नाही. साबणाला फेस धरत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. खोल जावं तसं ते आणखी खारं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी काही महिने वरच्या अंगाला राहतं, म्हणून विहीर खणताना जुनी माणसं 'बस्स, आता खाली नको' म्हणून हात आवरायची. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ साली सुरू झालेल्या 'पोकरा' या शेतीच्या योजनेत पूर्णा खोऱ्यातली अशी ९३२ खारी गावं धरली होती. आम्हाला प्यायला आता वान धरणाचं पाणी नळानं येतं. ज्या आठवड्यात येत नाही त्या आठवड्याबद्दल न बोललेलं बरं.

आता समुद्राचं. आमची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरहून उंच आहे. नदीनं आणून टाकलेला हा गाळ भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी कालचा. ज्या काळात हिमयुगं आली नि गेली त्या काळातला. त्या काळात समुद्राची पातळी पुष्कळ हलली, पण वर कमी आणि खाली जास्त. वीसेक हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात ती चढली, ती सहा ते नऊ मीटर. आज जगातलं सगळं बर्फ वितळलं तरी ती सत्तर मीटरच्या आसपास चढेल. सुरत जाईल पाण्याखाली, भुसावळ कोरडं राहील, आणि आम्ही तर भुसावळच्याही वर.

हे सगळं फळ्यावर मांडून मी खडू ठेवला, तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "पण मॅडम, जमीनच वर आली असन तं?"

बिनतोड प्रश्न. आमच्या खोऱ्याच्या उत्तरेला गाविलगडचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी तड आहे, जमीन त्याच्या काठानं खालीवर झालेली आहे, हे पुस्तकातच दिलंय. उंचीचे आकडे तिथं पुरे पडत नाहीत. ज्या जागी खरोखर समुद्र आत येतो, तिथला चिखल कसा असतो, आणि तसा आमच्या नाल्याच्या दरडीत दिसतो का, एवढंच विचारता येतं.

त्यासाठी आधी दोन बाटल्या घेतल्या. दोन्हीत पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी, दोन्हीत शेतातली मूठभर काळी माती. एकीत वरून दोन चमचे मीठ. झाकण लावून पोरांकडून हलवून घेतल्या आणि खिडकीत ठेवल्या. मधल्या सुट्टीपर्यंत मिठाची बाटली वरून निवळायला लागली होती. बिनमिठाची दुसऱ्या दिवशीही तशीच गढूळ. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून बारीक असतो आणि त्याच्या अंगावर ऋण भार असतो, म्हणून गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. पाण्यात क्षार आले की तो दुरावा मोडतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन बुडतात. खाऱ्या पाण्याचा चहा करताना दूध फाटतं, तसंच काहीसं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार असतात. नदीचं पाणी त्यात मिसळताना याच्या दहाव्या हिश्श्याइतका खारेपणा आला तरी गाळ गोठायला लागतो. म्हणून नद्या आपला बारीक गाळ भर समुद्रात न नेता मुखाशीच टाकतात.

आमची पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते, आणि तापी ७२४ किलोमीटरची वाट संपवून सुरतेच्या खाली खंबातच्या आखाताला. माझी नणंद सुरतेला दिलेली, उधन्यात. तिकडे गेलं की डुमसला जायचं हे ठरलेलं. तिथली टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी वाजवी आहे. किनाऱ्याची वाळू काळी. दख्खनच्या काळ्या पत्थराचाच तो चुरा. घरची मंडळी भज्यांच्या गाडीपाशी रमली आणि मी नणंदेच्या धाकट्याला घेऊन बाजूला, खाडीच्या अंगाला सरकले. ओहोटी लागलेली होती.

तापीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत पाणी पाच-सहा मीटर चढतं-उतरतं. आखातात आणखी आत, भावनगरकडे, दहा मीटरच्याही वर. आमच्याकडच्या माणसाला हे सांगून कळत नाही. दोन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. ते जाताना जी जमीन उघडी पडते ती जमीनही नाही नि पाणीही नाही, लांबच लांब तुकतुकीत राखाडी चिखल. त्यात खुंट रोवून जाळी बांधलेली. पाण्याला वेग असतो तेव्हा वाळू हलते. भरती पुरी होऊन पाणी क्षणभर थबकतं तेव्हा त्यातला गोठलेला गाळ खाली बसतो. वाळूचा पापुद्रा, गाळाचा पापुद्रा, पुन्हा वाळूचा. उधाणात हे पापुद्रे जाड, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पातळ, असं चौदा-पंधरा दिवसांनी पालटतं. जगात काही ठिकाणी हे पापुद्रे दगड होऊन टिकलेत आणि ते मोजून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चंद्राच्या फेऱ्यांचा हिशेब लावता येतो.

हा चिखल कुणाचा? खंबातच्या आखातासमोरच्या समुद्रतळाची माती तपासणाऱ्यांना तिच्यात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर सापडते, आणि ती दख्खनच्या पठारावरून नर्मदा-तापीनं आणलेली. उत्तरेला सिंधूनं आणलेला गाळ वेगळ्या मातीचा, तो ओळखू येतो. स्मेक्टाइट म्हणजे उन्हाळ्यात ज्याच्यामुळे आमच्या शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच. भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. तिथं मात्र ते कधी वाळतच नाही, म्हणून त्याला भेगा पाडायला सवड मिळत नसावी. नांगरायचं काम मग दुसऱ्याच कुणाकडे जातं.

उकिडवं बसलं आणि जरा वेळ हललं नाही की ते 'दुसरे' दिसू लागतात. आधी नुसती भोकं, करंगळीएवढी, अंगठ्याएवढी. मग एकातून दोन डोळे, देठावर लावल्यासारखे. मग अख्खा खेकडा, दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि नर असला तर त्याची एक नांगी उरलेल्या अंगाला न शोभेल एवढी मोठी. ती तो वर-खाली हलवत राहतो, माद्यांना बोलवायला आणि शेजारच्या नराला दम द्यायला. खायला ती नांगी बिनकामाची. दुसऱ्या, लहान नांगीनं चिखल उचलायचा, तोंडात घालायचा, आतलं शेवाळ आणि जिवाणू गाळून घ्यायचे आणि उरलेल्या मातीची गोळी करून बाजूला टाकायची. बिळाभोवती अशा साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगाच्या रांगा. मादीला दोन्ही नांग्या खायला मिळतात, तिचं दुप्पट वेगानं चाललेलं. नराच्या थाटापेक्षा मला तिचं काम बघायला आवडलं, पण हा माझा कल झाला. थोडं पलीकडे निवट्या चिखलावरून उड्या मारत होत्या. मासा असून चिखलात बीळ करणारी ही जात, आणि तिच्यातल्या काही तर बिळातल्या अंड्यांसाठी तोंडात हवा भरून खाली नेऊन ठेवतात.

काडीनं चिखल उकरला. वरचा तपकिरी थर बोटाच्या पेराएवढाही नव्हता. त्याखाली काळंशार, आणि सडक्या अंड्याचा वास. भाचा नाक धरून मागे पळाला. इतक्या बारीक गाळात हवा शिरत नाही, म्हणून खाली प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू आणि त्यांनी केलेला गंधकाचा वायू. पण बिळाच्या कडेनं काडी नेली तर त्या काळ्या चिखलात बिळाभोवती गंजाच्या रंगाचं कडं दिसलं. बिळातून पाणी खेळतं, पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो, आणि चिखलातलं लोह तेवढ्या जागी गंजतं. हजारो बिळं म्हणजे हजारो नळ्यांनी चिखल श्वास घेतो. शिवाय खाडीत वरचं पाणी भरतीला खारट, ओहोटीला गोडसर, दिवसभर पालटत राहतं. चिखलात वीतभर खाली खारेपणा फारसा हलत नाही. म्हणून मोजक्याच जातींना मानवणाऱ्या या जागेत जगायचं तर बीळ हवंच. जाती कमी, पण ज्या आहेत त्यांची संख्या अफाट.

हे सगळं दगडात उतरतं. हाडं विरघळतात, शिंपले झिजतात, पण बीळ गाळानं भरलं की त्याचा साचा राहतो. भूवैज्ञानिक तो वाचतात. बिळं दाट आणि पापुद्रे पार घुसळलेले असतील तर गाळ सावकाश साचत होता. पापुद्रे शाबूत आणि बिळं तुरळक असतील तर भराभर. एखाद्या पुरानं अचानक हातभर गाळ टाकला तर खाली गाडला गेलेला जीव वर निसटायला धडपडतो, आणि त्याच्या वाटेवरचे पापुद्रे एकावर एक वाकलेले राहतात. तो निसटला की नाही हेसुद्धा कधीकधी कळतं.

आता आमचा नाला. पूर्णेला मिळायच्या अलीकडे पुरानं त्याची दरड दोन पुरुष उंच कापलीय. वर काळी माती, खाली पिवळसर, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे पेरल्यासारखे. पोरांना घेऊन गेले आणि सांगितलं, शोधा. पापुद्रे शोधा, बिळं शोधा, शिंपले शोधा.

वाळू-गाळाचे ते एकाआड एक पापुद्रे कुठंच मिळाले नाहीत. मिळाला तो एकसंध चिकण थर, मधेच वाळू-गोट्यांचा पट्टा, नदीनं पात्र बदललं असेल तिथं. काळ्या मातीच्या उभ्या पाचरी खालच्या पिवळीत घुसलेल्या. त्या भेगांच्या, वर रुंद आणि खाली निमुळत्या. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसात भेग मिटते, आणि असं वर्षानुवर्षं होऊन जमीन स्वतःच स्वतःला उलथत राहते. काही नळ्या फांद्या फुटत बारीक होत गेलेल्या, त्यांच्याभोवती चुन्याचं कवच, त्या मुळांच्या. आणि मग एक पोरगा ओरडला, "मॅडम, बीळ!"

बीळच होतं. वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचं, तिरपं जाऊन शेवटी फुगीर झालेलं. पण ते जिवंत होतं. तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या, आणि आत हात घालायची कुणाची छाती झाली नाही, कारण आतल्याची नांगी सगळ्यांच्या ओळखीची. आमचा गोड्या पाण्यातला खेकडा. उन्हाळ्यात ओल उतरेल तसा तो बीळ खाली नेतो, पहिल्या पावसाला बाहेर येतो, आणि त्याच आठवड्यात गावात दोन-चार घरी रस्सा होतो. डुमसच्या खेकड्याशी त्याचं नातं आहे, पण दूरचं. खाडीतली मादी तिची पिल्लं उधाणाच्या ओहोटीबरोबर समुद्रात सोडते. ती सुईच्या टोकाएवढी, खेकड्यासारखी न दिसणारी, काही आठवडे पाण्यात वाहून मग किनाऱ्याला परततात. आमच्या खेकडीणीच्या अंड्यांतून थेट छोटे खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या घडीत बसून राहतात. समुद्राशी त्यांचं काही अडलेलं नाही.

त्यामुळेच नुसतं बीळ दिसलं म्हणून उडी मारायची नसते. जबलपूरच्या लमेटा खडकांत, जे दख्खनच्या लाव्हाखाली आहेत, खेकड्यांची वाटावीत अशी बिळं आढळली आणि काही भूवैज्ञानिकांनी तिथं भरती-ओहोटीचा किनारा होता असं मांडलं. पुढच्यांनी त्याच थरांत जुन्या मातीच्या, मुळांच्या, नदी-तळ्याच्या खुणा दाखवल्या, आणि आज बहुतेक जण दुसऱ्या बाजूचे आहेत. याच लमेटाचा एक तुकडा आपल्या विदर्भात आहे, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगावला. तिथल्या डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे अंश सापडले, ते २००५ साली जगभर गाजलं. आम्ही मात्र शाळेची सहल नेतो ती शेगावला. असो.

आमच्या दरडीत बीळ गोड्या पाण्याचं, पापुद्रे नाहीत, समुद्री शिंपल्याचा तुकडा नाही. माझा निकाल स्पष्ट आहे: पूर्णेच्या या गाळात समुद्र नव्हता.

मग मीठ कुठून आलं? सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दरडीतच होतं, पांढऱ्या खड्यांच्या रूपात. काळा पत्थर झिजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतात. जास्त पावसाच्या मुलखात ते वाहून जातात. इथं पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, ऊन त्याच्या कितीतरी पट पाणी उडवणारं, जमीन चिकण, आणि खोरं खोलगट. पाणी मुरतही नाही, निघूनही जात नाही. ते आटलं की आधी कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसतो. सोडियम पाण्यात उरतो आणि वर्षानुवर्षं दाटत जातो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या जमिनींवर हेच दाखवून दिलंय. चुनखडीचा खडा हा त्या चोरीला गेलेल्या कॅल्शियमचा मुद्देमाल.

गाळाचा प्रवासही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तापी-पूर्णेच्या संगमाखाली लगेच हतनूर धरण, ते गाळानं भरत चाललंय ही जळगावकडच्यांची जुनी तक्रार. त्याखाली गुजरातेत उकाई, १९७२चं, त्याच्या पोटात उरलेला बराचसा बसतो. समुद्राला जायचा गाळ वाटेत अडला, आणि आपल्या सरकारला २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढून तो ट्रॉल्यांनी परत शेतात न्यायला सांगावं लागलं. योजना चांगली आहे. फक्त कुठल्या तलावाचा गाळ कुणाच्या शेतात पडतोय हे बघणारा कुणी हवा. खाऱ्या भागातला गाळ गोड्या जमिनीवर टाकून कुणाचंच भलं व्हायचं नाही.

एक गोष्ट मात्र पोरांच्या आधी सासऱ्यांच्या ध्यानात आली. शाळेतल्या त्या बाटल्या मी घरी आणून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "मिठानं गाळ खाली बसते म्हणतेस, तं आपल्या वावरात तं मीठच मीठ हाय. मंग पाऊस पडला का पाणी आठ आठ दिस गढूळ काहून राह्यते?"

हे वर्गात कुणी विचारलं नव्हतं. मीठ दाट असेल तोवर कण गोळा राहतात. पावसानं ते पातळ होतं, कणांना चिकटलेला सोडियम तेवढा उरतो, आणि सोडियम चिकटलेले कण गोड्या पाण्यात सुटे होतात. मातीची छिद्रं बुजतात, वर पापडी धरते, पाणी मुरत नाही. खाडीतला चिखल मिठानं बसतो, आमचं वावर मिठानंच बिघडतं. उपाय म्हणजे जिप्सम. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकतो, मग पाऊस त्याला खाली नेतो. पाणी निघून जायला चर मात्र हवा. तिसऱ्या बाटलीत चिमूटभर जिप्सम टाकून दाखवलं. निवळली.

"शेततळ्याचं पाणी बी निवळन का यानं?"

"निवळतं, मामाजी."

"मंग वावरात एकरी किती टाकाचं?"

ते माती तपासल्याशिवाय सांगता येत नाही, सोडियम किती आहे त्यावर ठरतं, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपलं आणि खुरपं घेऊन नमुना काढायला निघाले. बांधाजवळचा घेऊ नका, खताच्या ढिगाजवळचा नको, व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या, एवढं मी मागून ओरडून सांगितलं.